जीटी ते जीपीटी

फर्स्ट इयरला ज्यांनी ग्राफिक्सच्या शीट्स केल्या आहेत, त्यांना जीटी म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी (म्हणजे हे मासिक चुकून घरी गेलं आणि आई-बाबांच्या हातात पडलं, तर त्यांच्यासाठी) सांगते. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन टेबलांच्या मधे काच ठेवायची, काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर मैत्रिणीची पूर्ण झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि पेन्सिल घेऊन बसायचं. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये असे कारखाने मजल्यामजल्यावर चालतात. आमच्या सीनियर्सनी जीटी मारली, त्यांच्या सीनियर्सनी मारली, आणि आज जे सर आमची शीट लाल पेनने कापतात त्यांनीसुद्धा मारली असणार, अशी मला दाट शंका आहे!

मीही मारली. खोटं कशाला बोलू? पण जीटीचे एक-दोन गुण आता आठवतात. एक म्हणजे पाठ मोडायची. रात्री तीन वाजता, चौथ्या शीटला, झोपेतसुद्धा लक्षात यायचं की अरे, हा टॉप व्ह्यू असा कसा येईल? म्हणजे इच्छा नसताना थोडंफार डोक्यात शिरायचं. दुसरं म्हणजे मूळ शीटमध्ये एखादी डॉटेड लाइन राहिली असली, की ती अख्ख्या वर्गाच्या शीटमध्ये राहायची. सर एका नजरेत ओळखायचे, आणि सरांनी ओळखलंय हे आम्हालाही कळायचं. चोरी होती, पण तिच्याबद्दल कुणाचाच गैरसमज नव्हता.

जीपीटीचं तसं नाही. तिथे प्रत्येकाला वेगळी कॉपी मिळते, स्वच्छ आणि डाग नसलेली. चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. आम्ही तेव्हा बारावीत होतो, सीईटीच्या टेन्शनमध्ये. म्हणजे त्याच्याशिवायचं सबमिशन आमच्या बॅचने पाहिलेलंच नाही. आमच्यासाठी ते झेरॉक्सच्या दुकानासारखं आहे, कॉलेजच्या गेटबाहेर पहिल्या दिवसापासून होतंच. २०२५ हे वर्ष तर एआयसीटीईने एआयचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. सगळीकडे एआय, एआय, एआय. पण जर्नलमध्ये ते वापरायचं की नाही, आणि वापरायचं तर किती, हे मला आजपर्यंत एकाही तासाला कुणी नीट सांगितलेलं नाही. एक सर म्हणाले, "वापरा, फक्त मला कळू देऊ नका." एका मॅडमनी त्यावर उपाय म्हणून सगळं हाताने लिहायला लावलं. परिणाम? आम्ही चॅटजीपीटीचं उत्तर मोबाईलवर उघडून हाताने उतरवलं. जीटीच, फक्त काचेऐवजी स्क्रीन.

पण मला हे सगळं गमतीत सांगून सोडून द्यायचं नाहीये. मागच्या सेमिस्टरला जे झालं ते लिहायचंय, म्हणून हा लेख.

हीट ट्रान्स्फरच्या लॅबमध्ये पिन फिनचा प्रयोग असतो. मोटारसायकलच्या इंजिनला बाहेरून ज्या पट्ट्या असतात ना, उष्णता बाहेर टाकण्यासाठी, त्यांचंच हे लॅबमधलं रूप. पितळेची एक कांडी, तिच्या एका टोकाला हीटर, आजूबाजूने ब्लोअरची हवा, आणि कांडीवर ओळीने पाच थर्मोकपल. हीटरपासून जसजसं लांब जावं तसतसं तापमान कमी होत गेलं पाहिजे. थिअरी एवढीच. मग त्यावरून फिनची एफिशियन्सी, इफेक्टिव्हनेस वगैरे काढायचं.

आमच्या चौघींच्या ग्रुपला रीडिंग भलतंच आलं. चौथ्या थर्मोकपलचं तापमान तिसऱ्यापेक्षा जास्त! असं होऊच शकत नाही. आम्ही तिघींनी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. "चौथा बिघडलाय, जाऊ दे" म्हणून रीडिंग टेबलमध्ये तसंच लिहिलं आणि कँटीनला गेलो. माझी रूममेट मात्र मागे थांबली. ती जालना जिल्ह्यातली, बारावीपर्यंत मराठी माध्यम, आणि तिला अशी अडलेली गोष्ट सोडवत नाही. तिचं म्हणणं असं की चौथा बरोबर आहे, चुकतोय तिसरा. त्याचं टोक कांडीपासून सुटलंय, म्हणून तो कांडीचं नाही, वाहत्या हवेचं तापमान दाखवतोय आणि त्यामुळे आकडा कमी येतोय. लॅब असिस्टंट काकांना विचारून तिने ब्लोअर चालू असताना तिसऱ्याची वायर हलकेच दाबून धरली. आकडा चढला. सोडली, उतरला. हे तिने कच्च्या वहीत मराठीत लिहून ठेवलं.

आता रिपोर्ट. टाइप करून अपलोड करायचा होता. तिने स्वतःच्या इंग्लिशमध्ये लिहिला, तिसऱ्या थर्मोकपलच्या सगळ्या भानगडीसकट. आणि मग चॅटजीपीटीला दिला, "याचं इंग्लिश सुधार" म्हणून. कारण ओरलला तिच्या इंग्लिशवर एकदा अख्खी बॅच हसलेली आहे. मी पण होते त्यात.

मी काय केलं? प्रयोगाचं नाव टाकलं आणि सांगितलं, कन्क्लूजन लिही. रीडिंग दिलंच नाही, टाइप करायचा कंटाळा. त्याने मस्त परिच्छेद लिहून दिला. मिळालेली तापमानं थिअरीशी चांगली जुळतात, थोडा फरक आहे तो उष्णतेच्या गळतीमुळे, वगैरे वगैरे. आमचं रीडिंग त्याने पाहिलेलंसुद्धा नव्हतं! आणि माझ्याच रिपोर्टमध्ये तीन पानं आधी जे टेबल होतं ते नेमकं उलटं सांगत होतं. पण ते कोण वाचतो? मग मी चार वाक्यं पुढे-मागे केली, दोन शब्द साधे केले, एक स्पेलिंग मुद्दाम चुकवलं. नर्सरीपासून कॉन्व्हेंटमध्ये असल्यामुळे एवढं मला पाच मिनिटांत जमतं. इतकी वर्षं भरलेल्या फीचा हा असा उपयोग होईल असं बाबांना वाटलं नसेल.

डिपार्टमेंटने रिपोर्ट एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढले. तिचा पकडला गेला, माझा सुटला. सरांनी तिला बोलावलं, मी पण बरोबर गेले. सर म्हणाले, "हे इंग्लिश तुझं नाही." ती म्हणाली, "हो सर, इंग्लिश चॅटजीपीटीकडून दुरुस्त करून घेतलंय." सरळ सांगून टाकलं. सरांनी पुढे वाचलंच नाही. पंचवीसपैकी तिला अकरा मिळाले, मला एकवीस. ओरलला मला एफिशियन्सी आणि इफेक्टिव्हनेसमधला फरक विचारला, तो मी आदल्या रात्री रट्टा मारून गेले होते. माझ्या टेबलाकडे कुणी बघितलंही नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि चोर शेजारी गप्प उभा होता.

नंतर मला वाटलं, सॉफ्टवेअर चुकलं. मग नीट विचार केला तर तेही पूर्ण खरं नाही. तिची भाषा खरंच मशीनने घासूनपुसून दिली होती, सॉफ्टवेअरने तेवढंच सांगितलं. पण एक लक्षात घ्या. ही सॉफ्टवेअर्स लेखकाच्या डोक्यात डोकावत नाहीत. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, वाक्यं किती ठरावीक आहेत, यावरून ती अंदाज बांधतात. आता ज्या मुलीने इंग्लिश गाइडमधून शिकलंय तिचे शब्द मोजकेच असणार, वाक्यं साचेबंद असणार. म्हणजे तिने चॅटजीपीटीला हात लावला नसता तरी ती सुटली असतीच असं नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात सॉफ्टवेअर्स तपासली होती. इंग्लिश मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेलसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. माणसांनी स्वतः लिहिलेले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध मशीनचे म्हणून बाद झाले! अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. आणि चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं सॉफ्टवेअर जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि जुलैमध्ये बंद केलं, कारण ते पुरेसं अचूक नव्हतं. ज्यांनी मशीन बनवलं त्यांना ते ओळखता येत नाही, आणि आपल्याकडे त्या आकड्यावर टर्मवर्कचे मार्क ठरतात.

यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत, पण ते दुसऱ्याच्या लिखाणाशी किती जुळतं त्याबद्दल. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, पुढे ४०, ६० अशा पायऱ्या. माझं कन्क्लूजन कशाशीही जुळत नव्हतं. ते नवंकोरं होतं. फक्त खोटं होतं.

आता काही जण म्हणतील, एवढं काय त्यात, कंपनीत गेल्यावर सगळे एआयच वापरणार आहेत. वापरतील ना! मी पण वापरणार. कॅल्क्युलेटरचं उदाहरणही नेहमी येतं, की तो आला तेव्हाही लोक ओरडले होते. पण कॅल्क्युलेटरला आकडे द्यावे लागतात हो. आकडे न देता "उत्तर साधारण बरोबर आलं आहे" असं छान इंग्लिशमध्ये लिहून देणारा कॅल्क्युलेटर मी अजून पाहिला नाही. आमच्या वर्गातल्या एका ग्रुपच्या सेमिनार रिपोर्टमध्ये तर एक असा रिसर्च पेपर निघाला जो कुणी लिहिलेलाच नव्हता. लेखकांची नावं होती, जर्नल होतं, पान नंबर होते, फक्त पेपर नव्हता. आम्ही हसलो. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी हेच कोर्टात केलं, चॅटजीपीटीने रचलेले खटले दाखले म्हणून दिले, आणि त्यांना ५००० डॉलरचा दंड झाला. उद्या आपल्यापैकी कुणी बॉयलरच्या डिझाइनवर सही करणार आहे. तिथे तिसरा थर्मोकपल सैल असेल तर?

एक अभ्यास मला फार लागला. तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये सुमारे हजार मुलांवर झालेला, गणिताचा. काही मुलांना सराव करताना साधं चॅटजीपीटीसारखं दिलं, काहींना असं दिलं की जे उत्तर सांगत नाही, फक्त पुढची हिंट देतं, आणि काहींना काहीच नाही. सरावात पहिल्या गटाचे मार्क ४८ टक्क्यांनी वाढले, हिंटवाल्यांचे तर १२७ टक्क्यांनी. मग सगळं काढून घेतलं आणि परीक्षा घेतली. साधं वापरणारी मुलं, ज्यांना कधीच काही मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे! हिंटवाल्यांचं तसं नुकसान झालं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागे पडलेल्या मुलांना आपण मागे पडलोय हे जाणवलंच नाही. वाचून मला पिन फिनच्या ओरलमधली मीच आठवले. एकवीस मार्क घेऊन बाहेर आले तेव्हा मला खरंच वाटत होतं की हा प्रयोग मला येतो.

माझी रूममेट तेच यंत्र रोज वापरते, माझ्यापेक्षा जास्तच. रात्री ती त्याला सांगते, इफेक्टिव्हनेस मला मराठीत समजाव. मग म्हणते, आता मला एक्स्टर्नलसारखे प्रश्न विचार. उत्तर चुकलं तर लगेच सांगू नको. कधीकधी ती त्याच्याशी भांडते, आणि दोनदा तर पुस्तक उघडून तिने त्याचीच चूक काढली. जिच्या घरी इंजिनीअरिंगबद्दल विचारायला कुणी नाही, जिला वर्गात प्रश्न विचारताना आधी मनात इंग्लिश वाक्य जुळवावं लागतं, तिला हे यंत्र म्हणजे कधीही न चिडणारे सर मिळाले आहेत. म्हणून "एआयवर सरसकट बंदी घाला" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. बंदी घातली तर माझं काही बिघडणार नाही, माझे दादा-ताई आहेत, क्लास आहे, इंग्लिश आहे. बिघडेल तिचं.

सरांची बाजूही आहे, हे मान्य. सत्तर फाइल्स, एक संध्याकाळ, आणि वर्षानुवर्षं तेच दहा-बारा प्रयोग. सगळ्यांचं कन्क्लूजन दरवर्षी तेच येणार हे त्यांनाही पाठ. पण मग आम्ही ते मशीनकडून लिहून घेतलं यात नवल काय? जर्नल आधीच पोकळ झालं होतं, चॅटजीपीटीने फक्त आत हात घालून दाखवला.

परीक्षा संपल्यावर मी सरांकडे गेले. दोन्ही फाइल्स घेऊन. का गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही, बहुतेक खोलीत तिच्यासमोर बसवेना म्हणून. ती मला एका शब्दाने काही बोलली नव्हती, हाच प्रॉब्लेम. मी माझं कन्क्लूजन आणि माझं टेबल शेजारी ठेवून दाखवलं. मग तिचं दाखवलं. सरांनी ते पहिल्यांदा पूर्ण वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मार्क युनिव्हर्सिटीला गेले आता." आणि थोड्या वेळाने, "तू तेव्हाच का नाही बोललीस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. तिचे अकरा तसेच आहेत आणि माझे एकवीसही.

त्या दिवशी सरांना मी जे सुचवलं ते इथेही लिहिते, कारण तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. प्रत्येक रिपोर्टच्या पहिल्या पानावर चार ओळी असू द्या, एआय वापरलं का, कशासाठी वापरलं आणि काय तपासलं. खरं लिहिणाऱ्याचे मार्क त्याबद्दल कापायचे नाहीत, नाहीतर कुणीच खरं लिहिणार नाही. लॅबमध्ये त्याच दिवशी सही झालेलं रीडिंगचं कच्चं पान रिपोर्टला जोडायचं. आणि ओरलला व्याख्या विचारायच्या ऐवजी त्या पानावर बोट ठेवून विचारायचं, "हा आकडा असा का आला?" पाच मिनिटं पुरतात. मला विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात पकडले गेले असते. सॉफ्टवेअरचा आकडा आला तर त्यावरून मुलीला बोलवा जरूर, पण बोलावल्यावर तिचं ऐका. सर म्हणाले, डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये विषय काढतो. काढला का माहीत नाही. पण या सेमिस्टरला ओरलच्या नोटिसमध्ये "कच्चं रीडिंग सोबत आणणे" अशी एक ओळ आली आहे, ती कुणामुळे आली हे मी विचारलेलं नाही.

राहता राहिला हा लेख. चार ओळींचा नियम मलाही लागू, म्हणून सांगते. तुर्कस्तानचा आणि स्टॅनफर्डचा अभ्यास मी चॅटजीपीटीला विचारून शोधला, पण मग मूळ पेपर उघडून आकडे स्वतः बघितले. लेख वहीत हाताने लिहिला. माझं मराठी बोलायला ठीक आहे, लिहायला घेतलं की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. दहावीपर्यंत शाळेत मराठी बोललं तर दंड होता, त्याची ही व्याजासकट वसुली. सगळं शुद्धलेखन माझ्या रूममेटने लाल पेनने सुधारलं. पहिल्या पानावर चौतीस चुका निघाल्या, दोन वाक्यं तिला "इंग्लिशसारखी" वाटली म्हणून मला परत लिहायला लावली, आणि तिच्यावर हसलो होतो ते वाक्य मी खोडलं होतं, ते तिने परत ठेवायला लावलं. एवढं करूनही लेखाखाली नाव माझंच आहे, आणि संपादक मंडळातल्या कुणीही मला "हे मराठी तुझं नाही" असं म्हटलेलं नाही.